सिंथेटिक ऑइल कोणाच्या कामाचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेती पुरवणीत सिंथेटिक इंजिन ऑइलवर आलेला मजकूर वाचला. 'महाग पडलं तरी सिंथेटिकच टाका, इंजिन दुप्पट टिकेल' असा त्याचा सूर होता. शहरातल्या टर्बो पेट्रोल कारसाठी हा सल्ला चालून जाईल. पण यवतमाळ, वाशिम, अकोल्याकडच्या खेड्यांत शंभर सीसीची मोटरसायकल, चाळीस-पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर आणि पाठीवरचा फवारणी पंप चालतो. तिथे हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर पैसे जातील, आणि कुणाकुणाच्या क्लच प्लेटाही. पत्र लांबलं आहे, पण विषयच तसा आहे.

इंजिन ऑइलमध्ये तीन-चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं ते बेस ऑइल, बाकी रसायनं. बेस ऑइलचे पाच गट आहेत. पहिल्या-दुसऱ्या गटातून साधं, म्हणजे मिनरल ऑइल बनतं. तिसरा गटही कच्च्या तेलातूनच येतो, फक्त हायड्रोजनची प्रक्रिया जास्त कडक असते. चौथा गट पीएओ, तो कारखान्यात रेणू जोडून तयार करतात. एस्टर आणि इतर सगळं पाचव्यात. अमेरिकेत १९९९ साली कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्यातल्या जाहिरातीच्या वादानंतर तिसऱ्या गटालाही सिंथेटिक म्हणून विकायची वाट मोकळी झाली. आज बाजारात 'फुल्ली सिंथेटिक' म्हणून मिळणारे बरेचसे डबे या तिसऱ्या गटातले असतात. ते वाईट नाही, चांगलंच ऑइल असतं. पण हजार रुपयांचा आणि सहाशे रुपयांचा डबा यांत नेमका कशाचा फरक आहे ते डबा सांगत नाही. 'सेमी सिंथेटिक'चं तर विचारूच नका. त्यात सिंथेटिक किती टक्के असावं याला कसलंही बंधन नाही.

डब्याच्या मागच्या बाजूला तीन गोष्टी बघायच्या: ग्रेड म्हणजे दाटपणाचा आकडा, एपीआय म्हणजे अमेरिकी दर्जाची पायरी, आणि दुचाकीचं असेल तर जासो हा जपानी शिक्का.

ग्रेडमधला पहिला आकडा, म्हणजे १०डब्ल्यू, २०डब्ल्यू, थंडीसाठी असतो. २०डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे १५ अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा क्वचितच आठ-दहाच्या खाली उतरतो. त्यामुळे ५डब्ल्यू घेतलं म्हणून सकाळी ट्रॅक्टर लवकर उचलेल ही आशा सोडा. बॅटरीची टर्मिनलं घासा, तेवढ्यानं जास्त फरक पडेल. दुसरा आकडा कामाचा. १०० अंशांवर ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३. म्हणजे नवीन असताना मिनरल १५डब्ल्यू-४० आणि सिंथेटिक १५डब्ल्यू-४० गरम इंजिनात जवळपास सारखेच दाट असतात. फरक पुढे पडतो. दर दहा अंश वाढीला ऑइल करपण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. सिंथेटिक ते करपणं उशिरा घेतं आणि उडूनही कमी जातं. चंद्रपूर-अकोल्याच्या ४५-४६ अंशांत एअरकूल्ड इंजिनाला याचा फायदा होतो, हे खरं. प्रश्न फक्त किती रुपयांना किती फायदा, हा आहे.

आधी मोटरसायकल. हिच्यात इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडलेले असतात. म्हणून जासो एमए किंवा एमए२ हा शिक्का सिंथेटिकपेक्षा महत्त्वाचा. कारचं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक दिसायला भारी, पण त्यात मायलेजसाठी घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. लक्षण सोपं आहे: चढावर किंवा मागे पोतं असताना रेस वाढते, गाडी वाढत नाही, आणि थांबल्यावर करपट वास येतो. लगेच कळलं तर ऑइल काढून एमए२ भरा. एक-दोन बदलांत क्लच बहुधा पुन्हा धरतो. तसंच चालवत राहिलं तर प्लेटा चकाकतात, मग बदलण्याशिवाय इलाज नाही. स्कूटरचा क्लच कोरडा, तिला जासो एमबी असतं. स्कूटरमध्ये एमए टाकलं तर बिघाड होत नाही, पण मोटरसायकलमध्ये एमबी टाकू नका. काउंटरवर हे डबे शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, आणि पोरगं 'फोर-टी (चार-स्ट्रोक दुचाकीचं ऑइल) द्या' एवढंच सांगून घेऊन येतं.

स्प्लेंडरच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल, जासो एमए लिहिलेलं आहे. त्याला नवं एसएन किंवा एसपी चालतं, एमए असलं म्हणजे झालं. 'पातळ ऑइल आपल्या उन्हात टिकत नाही' म्हणून बरेच मिस्त्री सरसकट २०डब्ल्यू-४० टाकतात. नव्या गाडीत हे चुकीचं आहे. कंपनीनं पुस्तिका हिंदुस्थानच्या उन्हाळ्यासाठीच लिहिली आहे. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झालेली, ऑइल खाणारी, टॅपेट वाजणारी गाडी असेल तर २०डब्ल्यू-४० टाकायला आमची हरकत नाही. आवाज थोडा बसतो, खाणंही थोडं कमी होतं. रिंगा गेलेल्या इंजिनात मात्र आठशे रुपयांचं सिंथेटिक ओतणं म्हणजे निव्वळ सायलेन्सरमधून पैसे सोडणं.

हिशेब करू. दुकानागणिक भाव बदलतात, पण साधं १०डब्ल्यू-३० साडेतीनशेला आणि चांगलं सिंथेटिक आठशेला धरा. साधं ऑइल तीन हजार किलोमीटरवर बदललं तर किलोमीटरला पावणेबारा पैसे पडतात. सिंथेटिक पाच हजार चालवलं तर सोळा पैसे. महिन्याला आठशे किलोमीटर चालणाऱ्याला फरक पस्तीस रुपयांचा. म्हणजे सिंथेटिकनं कोणी बुडत नाही आणि साध्यानंही कोणाचं इंजिन मरत नाही. पण सिंथेटिक टाकून ते दहा हजार किलोमीटर ओढलं तर मरतं. कारण या गाड्यांत बहुधा कागदी ऑइल फिल्टर नसतो. जाळी आणि फिरत्या चकतीचा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो. पांदण रस्त्यावरची जी धूळ एअर फिल्टर चुकवून आत येते ती ऑइलमध्येच फिरत राहते, ऑइल कोणतंही असो. कंपनी सहा हजारांवर बदला आणि तीन हजारांवर पातळी भरून घ्या म्हणते. धुळीच्या भागात साधं ऑइल तीन हजारांवर काढलेलंच बरं. चकती आणि जाळी साफ करायला क्लचकडचं कव्हर उघडावं लागतं, म्हणून ते काम वर्षानुवर्षं कोणी करत नाही. चकतीत साचलेला काळा लगदा नखानं खरवडून बघा, म्हणजे ऑइल कुठवर ओढायचं ते कळेल.

मापाचीही चूक नेहमीची. शंभर सीसीच्या गाडीत निचरा केल्यावर पाऊण लिटर ते नऊशे मिली बसतं, आणि लिटरचा अख्खा डबा ओतला जातो. जास्तीच्या ऑइलला फेस येतो, ते ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये जातं, सीलांवर दाब येतो. गाडी मधल्या स्टँडवर उभी करा, तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटांनी डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघा. आटे फिरवून बघितली तर पातळी खोटी दिसते. ड्रेन बोल्टचा वायसर पिचका असेल तर बदला, दहा रुपयांचा असतो. बोल्ट पाय देऊन आवळणाऱ्यांमुळे केसिंगचे आटे जातात आणि मग हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्प्रिंग) बसवत बसावं लागतं.

आता ट्रॅक्टर. चाळीस ते पन्नास एचपीच्या चेंबरमध्ये साधारण सहा ते आठ लिटर ऑइल लागतं, बदल बहुतेक मॉडेलना अडीचशे तासांचा. साधं १५डब्ल्यू-४०, एपीआय सीआय-४ (डिझेल इंजिनाच्या ऑइलची पायरी) लिटरला ३३० रुपये धरलं आणि फिल्टरचे अडीचशे, तर सात लिटरला २,५६० रुपये, म्हणजे तासाला सव्वादहा. सिंथेटिक सहाशे रुपये लिटर धरलं तर ४,४५०, म्हणजे तासाला पावणेअठरा. बरोबरी साधायला सिंथेटिक सुमारे चारशे पस्तीस तास चालवावं लागेल, आणि वॉरंटीत अडीचशे लिहिलेलं असेल तर ते करता येत नाही. 'डिझेल वाचतं' हा दावा ४० ग्रेडच्या सिंथेटिकला फारसा लागू पडत नाही, कारण गरम झाल्यावर दाटपणा तोच. वाचतं ते ३० ग्रेडमध्ये, आणि जुन्या इंजिनांच्या पुस्तिका ते चालवू देत नाहीत.

शिवाय ट्रॅक्टरचं इंजिन आपल्याकडे मरतं कशानं, तेही बघायला हवं. पूर्वी डिझेलमध्ये गंधक जास्त असायचं, जळून त्याचं आम्ल व्हायचं, आणि ऑइलनं ते मारायचं हे मोठं काम होतं. एप्रिल २०२० पासून पंपावरचं डिझेल १० पीपीएम गंधकाचं आहे. ती भीती बरीच गेली. उरली धूळ. सोयाबीनच्या हंगामात हडंब्याला (मळणी यंत्राला) लावलेला ट्रॅक्टर जागेवर उभ्यानं आठ-दहा तास चालतो, भोवती कुटार (मळणीचा भुसा) आणि काळ्या मातीचा धुरळा. ऑइलबाथ एअर क्लीनर असेल तर वाटीतलं ऑइल त्या दिवसांत रोज बघा. तळाशी गाळ बसलेला दिसला की वाटी डिझेलनं धुवा, खुणेपर्यंतच नवं ऑइल भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. कोरडा फिल्टर असेल तर ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर आपटून झटकू नका, कागद फाटतो. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी नळीच्या क्लिपा आवळून बघा. तिथल्या एका चिरेतून शिरलेली माती एका हंगामात लायनर आणि रिंगा खाऊन टाकते. महागड्या ऑइलला ती माती पचवता येत नाही.

डिझेल इंजिनाचं ऑइल वीस-तीस तासांत काळं पडलं म्हणून घाबरू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते पातळी आपोआप वाढली तर. काठीवर ऑइल वर चढलं आणि डिझेलचा वास आला तर नोझल किंवा पंपाचं सील गळतंय. दुधाळ झालं तर हेड गॅस्केट किंवा लायनरचा ओ-रिंग. दोन्हीत ट्रॅक्टर तिथंच बंद करा.

जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकलं की गळायला लागतं, असं गावोगाव ऐकू येतं. अगदी सुरुवातीच्या सिंथेटिकांनी सील आकसायचे. आता तसं होत नाही. होतं असं की जुना मळ बसून जी गळती दबलेली असते ती मळ सुटल्यावर उघडी पडते. मिनरल आणि सिंथेटिक एकत्र झालं तर फाटतं, हेही खरं नाही. एपीआयच्या मान्यतेची इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळावी लागतात, ती तशी तपासलेलीच असतात. अडचणीत अर्धा लिटर दुसऱ्या कंपनीचं भरलं तरी चालेल, पण डिझेल इंजिनात दुचाकीचं फोर-टी भरून हंगाम काढू नका. काजळी धरण्याची त्याची ताकद कमी. आणि इंजिनचं ऑइल गिअरबॉक्स-हायड्रॉलिकमध्ये तर नकोच. ऑइलमधले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला यूटीटीओ (गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक तिन्हींना चालणारं ऑइल) लागतं, नाहीतर ब्रेक करकरतात आणि लिफ्ट झटके देते.

मग सिंथेटिक कोणी घ्यावं? टर्बो डिझेल पिकअप आणि कार चालवणाऱ्यांनी. टर्बोची शाफ्ट लाखाच्या वर फेऱ्यांनी फिरते. लोडवरून येऊन लगेच चावी बंद केली की तिथं थांबलेलं ऑइल कोळसा होतं. सिंथेटिकमध्ये हा कोळसा कमी होतो. तरी बंद करण्याआधी एक-दोन मिनिटं इंजिन आयडलवर ठेवाच. दुसरे, सायलेन्सरमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ गाड्यांचे मालक. यांना कमी राखेचं ऑइल लागतं: पुस्तिकेप्रमाणे एसीईए (युरोपी दर्जा) सी२ किंवा सी३, अथवा एपीआय सीके-४. सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के, सीके-४ मध्ये १ टक्का, तर सीआय-४ ची राख सहसा याहून जास्त असते. ती राख डीपीएफमध्ये साचते, जळत नाही, आणि दिवा लागून गाडी लिम्प मोडला, म्हणजे कमी ताकदीवर जाते. डीपीएफचा खर्च हजारांत नाही, लाखाकडे जातो. जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ (ट्रॅक्टरच्या धुराचे नियम) मध्ये आलेल्या ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरमालकांनीही जुन्या ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल नव्यात ओतण्याआधी पुस्तिका उघडावी. तिसरे, १५०-२०० सीसीच्या वरच्या, जास्त आरपीएमच्या मोटरसायकली. तिथं १०डब्ल्यू-४० वा पुस्तिकेतला ग्रेड एमए२ सिंथेटिकमध्ये घेतला तर पैसे वसूल होतात.

फवारणी पंपाकडे कोणी बघतच नाही. पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी ऐन भरात असताना बंद पडलेले निम्मे-अधिक पंप ऑइलच्या चुकीनं आलेले असतात. दोन-स्ट्रोक पंपात पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळतात: २५ ला १ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. त्याऐवजी फोर-टी ओतलं की प्लग काळा होतो, सायलेन्सरचं तोंड कोळशानं बुजतं, पिस्टनची रिंग चिकटते. टू-टी घेताना जासो एफसी किंवा एफडी बघा. इथं चांगलं ऑइल घ्यायला कंजुषी नको, अख्ख्या हंगामाला लिटरभर लागत नाही. चार-स्ट्रोक पंपात ऑइल जेमतेम शंभर मिली बसतं आणि तेवढ्यावर सगळं इंजिन चालतं. पाठीवर तिरपं होऊन पातळी उतरली की लगेच जाम होतं. रोज सकाळी पेट्रोल भरताना तेही बघायचं.

मिळण्याचं म्हणाल तर तालुक्याला २०डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३० आणि सीआय-४ चं १५डब्ल्यू-४० कुठंही मिळतं. पेट्रोल पंपांवर सर्वो, मॅक आणि एचपीचे सीलबंद डबे असतात; भेसळीची भीती तिथं कमी, आणि साध्या कामाला ही ऑइलं पुरेशी आहेत. मोटूल, शेल, मोबिल, कॅस्ट्रॉलचे वरचे सिंथेटिक प्रकार किंवा सी३ चं ५डब्ल्यू-३० हवं असेल तर बहुधा जिल्ह्याला जावं लागतं किंवा ऑनलाइन मागवावं लागतं. ऑनलाइनमध्ये विकणारा कोण आहे ते बघा. कंपनीचा अधिकृत विक्रेता नसेल तर नको. बंद डबा सावलीत तीन-चार वर्षं सहज टिकतो, तेव्हा हंगामाआधी दोन बदलांचं ऑइल घेऊन ठेवा. ऐन पेरणीत मिळेल ते टाकायची वेळ येऊ नये.

सगळ्यात वाईट ते सुटं ऑइल. बॅरलमधून मोजून दिलेलं, शे-दोनशेला लिटर, वासाला उग्र आणि रंगाला लालभडक. रंगावरून काहीच कळत नाही, तो बाहेरून घालता येतो. जळकं ऑइल गाळून, रंग टाकून, नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरून विकणं फार अवघड नाही. म्हणून डबा घेताना झाकणाखालचं फॉइल सील, कोड, बॅच आणि तारीख बघा, पक्कं बिल घ्या, ऑइल आपल्या डोळ्यांसमोर ओतून घ्या आणि रिकामा डबा गॅरेजात सोडू नका. खिळ्यानं दोन भोकं पाडा किंवा कापून टाका. सात लिटरमागे हजार रुपये वाचवायला गेलेल्या माणसाचं अख्खं इंजिन काम चाळीस-पन्नास हजारांत जातं.

जळक्या ऑइलचंही एक. बैलगाडीच्या आखाला, वाळवीसाठी खांबांना आणि उरलेलं नाल्यात, अशी त्याची आपल्याकडची वाट. एक एप्रिल २०२४ पासून ऑइल कंपन्यांवर वापरलेलं ऑइल परत गोळा करून शुद्धीकरणाला देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. गावाकडे ते गोळा करायला कोणी येताना दिसत नाही. तालुक्याच्या प्रत्येक ट्रॅक्टर शोरूमवर आणि बाजार समितीत एक-एक झाकणबंद बॅरल ठेवून महिन्याला उचल झाली, तर भेसळवाल्यांचा कच्चा मालही कमी होईल. आपल्या बातमीदारांनी जिल्ह्यातल्या वितरकांकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे याची विचारणा करावी, ही विनंती.

आपले,
ट्रॅक्टर व दुचाकी दुरुस्ती करणारे काही मिस्त्री
ता. दारव्हा, जि. यवतमाळ